कर्नल हेमू अधिकारी

क्रिकेटच्या मैदानावर प्रत्येक क्षेत्ररक्षकाची जागा ठरलेली असते. त्यांतील एका जागेला कव्हर असे म्हणतात. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज गोलंदाजाकडे पाहत उभा राहिला, म्हणजे त्याच्या समोर, पण काहीशी उजव्या अंगाला, ही जागा येते. फलंदाजाने पाय पुढे टाकून सणसणीत टोला हाणला, की चेंडू पुष्कळदा ह्याच बाजूने गवतावरून सरसरत सीमेकडे धाव घेतो. तेथे आळशी गडी ठेवून चालत नाही. चेंडू फळीला लागण्यापूर्वीच तेथील गड्याचे पाऊल पुढे पडलेले असावे लागते. धावता धावता वाकून चेंडू उचलावा लागतो आणि उभे राहण्याची उसंत न घेता तो यष्टिरक्षकाकडे फेकावा लागतो. हे काम मोठ्या कष्टाचे आहे, आणि धावफलकावर त्याची कोठेही नोंद होत नाही.

पूर्वी आपल्या देशाचे संघ क्षेत्ररक्षणाविषयी फारसे प्रसिद्ध नव्हते. फलंदाजी करावयास सर्व उत्सुक असत. परंतु भर उन्हात तासन्‌तास उभे राहून दुसऱ्याच्या धावा अडविण्यात कोणास फारशी गोडी वाटत नसे. अशा काळात ज्या थोड्या भारतीय खेळाडूंनी क्षेत्ररक्षणात नाव मिळविले, त्यांत कव्हरच्या जागी उभे राहणाऱ्या एका मराठी खेळाडूची गणना होते. त्यांचे नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. लोक त्यांना हेमू अधिकारी ह्या आटोपशीर नावानेच ओळखत. ते खेळाडू होते, आणि पुढे सैनिक झाले. ह्या दोन्ही कामांनी त्यांच्या आयुष्यावर आपापला हक्क सांगितला. तो त्यांनी कसा पुरविला, ते पाहण्यासारखे आहे.

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुणे येथे झाला. त्यांच्या खेळाला बहर आला तो मात्र गुजरात आणि बडोदे या प्रांतांत. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या सतराव्या वर्षी, ते गुजरातच्या संघातून पहिल्या दर्जाचे क्रिकेट खेळले आणि नंतर बडोद्याच्या संघात दाखल झाले. बडोदे हे त्या काळी गायकवाडांचे संस्थान होते. सयाजीराव महाराजांनी तेथे शाळा काढल्या, ग्रंथालये उघडली, कुस्तीच्या आखाड्यांना आश्रय दिला. कितीतरी मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे जाऊन स्थायिक झाली होती. सांगलीचे विजय हजारे पुढे बडोद्याकडूनच खेळू लागले, आणि १९४२-४३ साली बडोद्याने रणजी करंडक प्रथमच जिंकला.

अधिकारी सतरा वर्षांचे होते, त्याच वर्षाच्या सुमारास भारतीय क्रिकेटवर एक विचित्र काळ आला. १९३६ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघ इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळला, आणि त्यानंतरचा कसोटी सामना खेळावयास १९४६ चा जून उजाडावा लागला. दोन देशांच्या निवडक संघांमध्ये अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यास कसोटी सामना म्हणतात. खेळाडूची खरी पारख तेथेच होते. अशी पारख होण्याची संधीच दहा वर्षे कोणास मिळाली नाही. खेळाडूच्या अंगात जोम असतो तो सतरा-अठरापासून तिशीपर्यंत. त्यांतील दहा वर्षे अधिकारी यांच्या वाट्यास कसोटीवाचून आली. ह्याचे मुख्य कारण होते १९३९ साली सुरू झालेले दुसरे महायुद्ध.

ह्या युद्धाच्या खुणा आपल्या अगदी जवळच आहेत. ठाण्याहून आगगाडीने कल्याण ओलांडून अंबरनाथकडे जाताना उल्हासनगर लागते. युद्धाच्या काळात तेथे सैनिकांसाठी मोठी छावणी वसविण्यात आली होती. लोक तिला कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीतील बराकींत आसरा देण्यात आला, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या युद्धात भारतीय सेनेतील सैनिकांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. एवढे लोक कोठून आले? कोणी नांगर सोडून आला, कोणी पाटीपुस्तक मिटून आला. आणि कोणी बॅट कोपऱ्यात ठेवून आला. हेमू अधिकारी ह्या शेवटच्या प्रकारातले. ते सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. आडनावानेच अधिकारी असलेला हा तरुण आता हुद्द्यानेही अधिकारी झाला!

युद्धाने खेळाडूंना बोलावले ते केवळ आपल्याच देशात नव्हे. इंग्लंडचा डावखुरा गोलंदाज हेडली व्हेरिटी १९३३-३४ साली आपल्याकडे येऊन खेळून गेला होता. पुढे तो सैन्यात कॅप्टन झाला, सिसिली बेटावरील लढाईत जखमी झाला आणि शत्रूच्या कैदेत असतानाच ३१ जुलै १९४३ रोजी इटलीत मरण पावला. अधिकारी त्याच दिवशी चोवीस वर्षांचे झाले. हा नुसता योगायोग. तथापि सैन्यात गेलेल्या खेळाडूने कशाची तयारी ठेवलेली असते, हे त्यावरून ध्यानात येईल.

युद्ध संपले. पुष्कळ जण गणवेश उतरवून आपापल्या घरी परतले. अधिकारी यांनी मात्र सैन्य सोडले नाही, आणि खेळही सोडला नाही. हे बोलावयास सोपे आहे. सैनिकाला रजा मिळेल तेव्हाच मैदान दिसते. त्याची बदली कोठे आणि केव्हा होईल याचा नेम नसतो, आणि शहरातील खेळाडूप्रमाणे रोज संध्याकाळी जाळ्यात जाऊन सराव करण्याची चैन त्याला परवडत नाही.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला आणि अवघ्या काही महिन्यांतच स्वतंत्र भारताचा पहिला क्रिकेट संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियास निघाला. फाळणीमुळे देशात हाहाकार उडालेला होता. संघातून निवडलेले काही चांगले खेळाडू निरनिराळ्या कारणांनी गळाले होते. समोर होता डॉन ब्रॅडमन यांचा संघ, म्हणजे त्या काळचा जगातील सर्वांत बलाढ्य संघ. ह्या दौऱ्यात अधिकारी यांची निवड झाली. २८ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिस्बेन येथे ते आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

आरंभ अतिशय वाईट झाला. त्या दिवसांत खेळपट्टी पावसापासून झाकून ठेवण्याची रीत नव्हती. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर ऊन पडले, की ती चिकट होते, आणि अशा जमिनीवर पडलेला चेंडू कधी गुडघ्याखालून जातो तर कधी छातीवर उसळतो. भारताचा पहिला डाव ५८ धावांत आटोपला आणि दुसरा ९८ धावांत. तोशाक नावाच्या गोलंदाजाने पहिल्या डावात अवघ्या दोन धावा देऊन पाच गडी बाद केले.

ब्रॅडमन यांच्या संघात कीथ मिलर नावाचा एक उमदा खेळाडू होता. त्याची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्न शहराच्या परिसरात, फुटबॉलचा एक निराळाच प्रकार खेळला जातो. त्याचा चेंडू आपल्या फुटबॉलसारखा वाटोळा नसून लांबट असतो. प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात. आणि चेंडूस पायाने मारावयाची जशी मुभा असते, तशीच तो हाताने झेलावयाचीही असते. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात अंग हलते ठेवता यावे ह्या विचाराने १८५८-५९ च्या सुमारास मेलबर्नच्या काही लोकांनी हा खेळ सुरू केला, आणि त्यांत टॉम विल्स हा नावाजलेला क्रिकेटपटू प्रमुख होता. पहिल्या महायुद्धात ह्या खेळातील कितीतरी जवान खेळाडू सैन्यात गेले, आणि त्यांतील अनेक जण परत आले नाहीत. मिलर हा सेंट किल्डा संघाकडून हा फुटबॉल खेळत असे. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होऊन युरोपात लढला आणि युद्ध संपताच पुन्हा मैदानात उतरला. मेलबर्नच्या ज्या विस्तीर्ण मैदानावर हिवाळ्यात तो फुटबॉल रंगतो, त्याच मैदानावर ह्या दौऱ्यात भारतीय संघ दोन कसोटी सामने खेळला. युद्धाने ज्यांची उमेदीची वर्षे नेली होती, असे दोन जण तेथे एकमेकांसमोर उभे होते. एक आकाशातून परतलेला ऑस्ट्रेलियन आणि दुसरा अद्याप सैन्यातच असलेला मराठी.

अधिकारी यांचा खरा गुण प्रथम दिसला तो ॲडलेडच्या सामन्यात, १९४८ च्या जानेवारीत. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला होता. भारताला लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजी करावी लागली. लिंडवॉल या वेगवान गोलंदाजाने एकामागून एक गडी बाद केले. सहा जण परतले असता अधिकारी मैदानात आले. दुसऱ्या टोकाला त्यांचे बडोद्याचे सोबती विजय हजारे खेळत होते. ह्या दोघांनी सातव्या गड्यासाठी १३२ धावांची भर घातली. हजारे यांनी १४५ धावा केल्या. त्याच सामन्यातील हे त्यांचे दुसरे शतक असल्यामुळे सर्वत्र त्यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. अधिकारी यांच्या ५१ धावा त्या कौतुकात झाकून गेल्या. भारत तो सामना हरला. दोनच दिवसांनी, ३० जानेवारी रोजी, महात्मा गांधींची दिल्लीत हत्या झाली. मायदेशापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या तरुणांवर ही बातमी कशी कोसळली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पहिले सहा गडी बाद झाल्यावर खेळावयास जाणे, हे पुष्कळदा अधिकारी यांच्या वाट्यास येई. ह्या जागेचे दुःख वेगळे असते. आरंभीच्या फलंदाजाला सोबतीला चांगले फलंदाज मिळतात. खाली येणाऱ्याला एक एक सोबती सोडून जाताना पाहावे लागते. आणि सर्व बाद झाल्यावर तो स्वतः शिल्लक राहिला, तरी त्याचा डावही तेथेच संपतो. मोठ्या धावसंख्या करण्याची ही जागा नव्हे.

तरीसुद्धा दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर त्यांनी तीही करून दाखविली. तुघलकांच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतींशेजारी असलेल्या ह्या मैदानाशी अधिकारी यांचे काही विशेष नाते असावे असे वाटते. कारण त्यांच्या आयुष्यातील तीन मोठे प्रसंग तेथेच घडले. त्यांतील पहिला १९४८ च्या नोव्हेंबरमधील. स्वातंत्र्यानंतर मायभूमीत खेळला गेलेला हा आपला पहिला कसोटी सामना. वेस्ट इंडीजच्या चौघा फलंदाजांनी शतके ठोकून ६३१ धावा केल्या. उत्तरादाखल भारताने ४५४ धावा केल्या, त्यांत अधिकारी यांच्या नाबाद ११४ होत्या. कसोटीतील त्यांचे हे एकमेव शतक. तरीही भारत १७७ धावांनी मागे राहिला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे लगेच पुन्हा फलंदाजी करण्याची पाळी आली. दुसऱ्या डावातही अधिकारी बाद झाले नाहीत, आणि सामना अनिर्णित राहिला.

दुसरा प्रसंग चार वर्षांनंतरचा. १९५२ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडमध्ये सपाटून मार खाऊन आला होता. लीड्सच्या सामन्यात तर धावफलकावर एकही धाव लागलेली नसताना आपले चार गडी बाद झाले होते! त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचा संघ भारतात आला. पाकिस्तानचा हा पहिलाच कसोटी सामना. पाच वर्षांपूर्वीपर्यंत जे एकाच देशाचे होते, ते आता दोन बाजूंना उभे राहिले. पाकिस्तानचे कप्तान कारदार पूर्वी भारताकडून खेळलेले होते. अमीर इलाही हे तर बडोद्याच्या संघातले, आणि १९४७ साली अधिकारी यांच्याबरोबरच भारतीय संघातून ऑस्ट्रेलियास गेलेले. आता ते पाकिस्तानतर्फे गोलंदाजी करीत होते. सैनिक असलेल्या अधिकारी यांनी ही फाळणी अगदी जवळून पाहिली होती. कारण देशाबरोबर सैन्याचीही वाटणी झाली होती.

भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झाले. एका टोकाला अधिकारी उभे होते. दुसऱ्या टोकाला शेवटचे गडी म्हणून हैदराबादचे गुलाम अहमद आले. गुलाम अहमद नामांकित फिरकी गोलंदाज. परंतु फलंदाज म्हणून त्यांच्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवीत नसे. शेवटची जोडी मैदानात आली, म्हणजे प्रेक्षक उठण्याच्या तयारीस लागतात. चतुर फलंदाज अशा वेळी घाईघाईने चार टोले हाणून आपल्या नावावर थोड्या धावा जमा करतो आणि बाद होऊन परततो; त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. दुसरा मार्ग अवघड. त्यात आपण खेळावयाचे आणि सोबत्यालाही खेळवावयाचे असते. षटकातील कोणत्या चेंडूवर एक धाव काढली असता पुढचे षटक आपल्याला मिळेल, सोबत्याच्या वाट्याला किती चेंडू येऊ द्यावयाचे, त्याचा धीर केव्हा सुटेल, याचा हिशेब सारखा मनात चालू ठेवावा लागतो. पलटणीतील नव्या शिपायाला जुना नाईक जसा आपल्याबरोबर पुढे नेतो, तसेच हे आहे.

ह्या जोडीने शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद नुसते तग धरून राहिले नाहीत. त्यांनी स्वतः ५० धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा भारताच्या ३७२ धावा झाल्या होत्या आणि अधिकारी ८१ धावांवर नाबाद होते. शतकास एकोणीस धावा कमी पडल्या. पुढे विनू मांकड यांनी दोन्ही डावांत मिळून तेरा गडी बाद केले आणि भारताने एक डाव व ७० धावांनी सामना जिंकला. विजयाचे श्रेय मांकड यांच्याकडे जाते. पण शेवटच्या जोडीच्या धावा वजा केल्या, तर पाकिस्तानला पुन्हा फलंदाजी करून भारतासमोर आव्हान ठेवण्यास वाव मिळाला असता, हेही खरे.

पुढची काही वर्षे थोडक्यात सांगतो. बारा वर्षांच्या काळात अधिकारी एकूण एकवीस कसोटी सामने खेळले. कधी निवड झाली नाही, कधी दौऱ्यावर गेले नाहीत. मात्र सेनादलाच्या संघाचे ते आधारस्तंभ झाले. त्या संघात निरनिराळ्या प्रांतांतून भरती झालेले लोक होते. कोणी कारकून, कोणी जमादार, कोणी अधिकारी. मुंबईच्या संघात असत तसे नामांकित खेळाडू त्यांच्याकडे फारसे नव्हते. अशा लोकांना घेऊन अधिकारी यांनी १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे सेनादलाचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. पहिल्या वर्षी मुंबईने त्यांना हरविले. दुसऱ्या वर्षी ज्या संघाने त्यांना हरविले, तो होता त्यांचा स्वतःचा जुना संघ, बडोदे.

तिसरा प्रसंग १९५९ च्या फेब्रुवारीतील. वेस्ट इंडीजचा संघ पुन्हा भारतात आला होता, आणि ह्या वेळी त्याच्यापाशी वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे दोन भयंकर वेगवान गोलंदाज होते. त्या काळी फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. चेंडू कानाजवळून सणसणत जाई आणि उघड्या डोक्याने त्याला तोंड द्यावे लागे. मुंबईचा पहिला सामना भारताने कसाबसा अनिर्णित राखला. पुढील तीन सामन्यांत पराभव झाला. कलकत्त्यास तर एक डाव आणि ३३६ धावांनी. अपयश आले की घरात भांडणे सुरू होतात, तसेच येथे झाले. पहिल्या सामन्यात पॉली उम्रीगर कप्तान होते, पुढील दोन सामन्यांत गुलाम अहमद. चौथ्या सामन्यासाठी पुन्हा उम्रीगर यांना नेमले, तर खेळाडूंच्या निवडीवरून मतभेद होऊन त्यांनी सामन्याच्या तोंडावर राजीनामा दिला, आणि विनू मांकड यांना पुढे व्हावे लागले. एकाच मालिकेत तीन कप्तान झाले. आता पाचव्या सामन्यासाठी चौथा कोण?

ही टोपी स्वीकारण्यात मान असा काहीच उरला नव्हता. मालिका हातची गेली होती. संघ खचला होता. जो कप्तान होईल, त्याला हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्यासमोर स्वतः उभे राहावे लागणार होते. निवड समितीने संघाबाहेर असलेल्या हेमू अधिकारी यांना बोलाविले. त्या वेळी त्यांना चाळिसावे वर्ष चालू होते. ह्या वयात बहुतेक खेळाडू प्रेक्षकांत जाऊन बसलेले असतात. नकार दिला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी नकार दिला नाही.

पुन्हा तेच कोटला मैदान. पहिल्या डावात भारताने ४१५ धावा केल्या. पुण्याचे तरुण चंदू बोर्डे यांनी १०९, नरी कॉन्ट्रॅक्टर यांनी ९२. आणि कप्तानांनी ६३. त्यानंतर वेस्ट इंडीजने ६४४ धावा कुटल्या. गोलंदाज दमले, तेव्हा अधिकारी यांनी स्वतः चेंडू हाती घेऊन फिरकी टाकली आणि तीन गडी बाद केले. आश्चर्याची गोष्ट अशी, की कसोटी क्रिकेटच्या उभ्या आयुष्यात त्यांना मिळालेले गडी एवढेच! दुसऱ्या डावात त्यांनी ४० धावा केल्या. बोर्डे ९६ धावांवर असताना त्यांचा स्वतःचाच धक्का यष्टींना लागून ते बाद झाले आणि दोन्ही डावांत शतके करण्याचा मान त्यांना चार धावांनी हुकला. सामना अनिर्णित राहिला. भारताने तो जिंकला नाही. पण दोन महिने चाललेली पडझड तेथे थांबली. कप्तान म्हणून अधिकारी यांचा हा पहिला सामना, आणि खेळाडू म्हणून शेवटचा. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी लगेच पाचवा कप्तान नेमण्यात आला.

सैन्यात अधिकारी लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. लोक त्यांना कर्नल म्हणू लागले ते तेव्हापासून. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा व्यवस्थापक म्हणून कर्नलसाहेब बरोबर होते. व्यवस्थापकाने प्रवासाची, मुक्कामाची, पैशाची व्यवस्था पाहावयाची असते. कर्नलसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खेळाडूंकडून कवायत करून घेतली, त्यांना पळविले, आणि ज्या कामात स्वतःचे आयुष्य गेले होते त्या क्षेत्ररक्षणाचा त्यांच्याकडून कसून सराव करून घेतला. काही खेळाडूंना ही लष्करी शिस्त जाचक वाटली असल्यास नवल नाही. पण झेल सुटेनासे झाले. लंडनच्या ओव्हल मैदानावरील शेवटच्या सामन्यात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद करून इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला. त्या डावात फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहिलेल्या एकनाथ सोलकर यांनी ॲलन नॉट यांचा जो झेल पुढे झेपावून घेतला, तो विसरणे कठीण. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, म्हणजे नेमक्या गणेशचतुर्थीच्या दिवशी, भारताने चार गडी राखून सामना जिंकला आणि इंग्लंडच्या भूमीवर प्रथमच मालिका जिंकली. ह्या सामन्याच्या वेळी हौशी लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती!

तीनच वर्षांनी, १९७४ साली, तेच वाडेकर आणि तेच कर्नलसाहेब पुन्हा इंग्लंडला गेले. शिस्त तीच होती. ह्या वेळी तिन्ही सामन्यांत पराभव झाला, आणि लॉर्ड्स येथे तर भारताचा एक डाव अवघ्या ४२ धावांत संपला. १९७१ साली फुले उधळणाऱ्या लोकांनी ह्या वेळी दगड उचलले. खेळाचे असे आहे.

नंतरच्या काळात कर्नलसाहेबांनी मुलांना शिकविण्याचे काम अंगावर घेतले. सुनील गावसकर, कपिलदेव, रवी शास्त्री यांसारख्या खेळाडूंना त्यांच्या शिकवणीचा लाभ मिळाला. स्वतः ते पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये आठ हजारांहून अधिक धावा करून बसले होते. पण शिकविताना त्यांचा भर असे तो चेंडूमागे धावण्यावर.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबई येथे, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हेमू अधिकारी यांचे निधन झाले. गुलाम अहमद त्यापूर्वी पाच वर्षे वारले होते. दिल्लीला ह्या दोघांनी शेवटच्या गड्यासाठी केलेल्या १०९ धावांचा विक्रम तोवर कोणत्याही भारतीय जोडीला मोडता आला नव्हता. तो मोडला गेला २००४ च्या डिसेंबरमध्ये, ढाका येथे. सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी बांगलादेशाविरुद्ध शेवटच्या गड्यासाठी १३३ धावा केल्या. बावन्न वर्षे टिकलेला तो आकडा त्या दिवशी पुस्तकात एक ओळ खाली सरकला.